तालिसाय नदीचा मंजूर वेग

पुराच्या पाण्याला स्वतःची अक्कल नसते; ती त्याला सरकारी खर्चाने पुरवावी लागते. तालिसाय नदीच्या बाबतीत हे पुण्यकर्म इंजिनिअर फ्लोरांते माकाराएग याच्याकडे आलं. नदीकाठी खडीची भलीमोठी खाण होती. खाण आणि नदी यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती, आणि त्या पट्टीवर फ्लोरांतेच्या आईचं, आलिंग कोन्सिंगचं, घर होतं. पट्टी फुटली की नदी खाणीत जाणार आणि घर नदीबरोबर. (अहवालात घराचा उल्लेख 'किरकोळ अडथळा' असा आहे.)

फ्लोरांतेने संगणकात पूर आणला. पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर निघाला. म्हणजे काठाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर हवं, आणि दगड कलिंगडाएवढे. आणायचे कुठून? खाणमालक बॉस दिमालांता मोठा व्यवहारी माणूस. त्याने नदीकडे बोट दाखवलं. पात्रात दगडच दगड होते आणि त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

ते उचलून काठावर रचले. मग नियमाप्रमाणे गणित पुन्हा मांडलं, तर पाण्याला अडवणारे दगडच पात्रात नसल्याने वेग साडेतीन निघाला. कलिंगडं बाद झाली. आता दगड डुकराएवढे हवे होते. तेही नदीतच मिळाले. वेग पाचावर गेला. मग रेड्याएवढे दगड शोधायला माणसं गेली. (या काळात पिचिंग दुप्पट मजबूत झालं आणि पूर चौपट. अहवालात पहिलाच आकडा आहे, कारण रकाना एकच होता.)

जनसुनावणीला पान्सितच्या फुकट शेवया होत्या, म्हणून झाडून सगळं गाव आलं. एवढं भक्कम पिचिंग अख्ख्या प्रांतात नाही, असं बॉसने सांगितलं. टाळ्या पडल्या. मग आलिंग कोन्सिंग उठली. चारचौघांत ती पोराला नावाने हाक मारत नसे.

"इंजिनिअर, तुमचं सगळं झ्याक आहे हो. फक्त एवढं सांगा, यंदाच्या पावसात मी माझ्या घरी झोपू की नको?"

फ्लोरांतेला उत्तर पाठ होतं. पण त्याचा जन्म त्याच घरात झालेला, बापाने शेवटचा श्वास तिथेच घेतलेला.

"इनाय," तो खाली बघत आईला म्हणाला, "तू माझ्याकडे राहायला ये."

"म्हणजे नको," आई म्हणाली आणि खाली बसली. पान्सितला तिने हात लावला नाही.

इतिवृत्तात याची नोंद 'स्थानिक रहिवाशाचं स्वखुशीने स्थलांतर' अशी झाली. पुढचं सरळच होतं. घर नाही म्हणजे धोका नाही, आणि धोका नाही तर पिचिंग कशाला? ते उचकटलं, सगळे दगड क्रशरमध्ये घातले. उत्तम खडी निघाली. पट्टीही आता खाणीतच धरली आहे. आई शहरात, लेकाच्या चौथ्या मजल्यावर, दिवसभर खिडकीशी बसून असते.

आता कोणी म्हणेल, त्या बॉसला आणि त्या इंजिनिअरला भर चौकात बडवायला हवं. अवश्य बडवावं. फक्त घरातून निघण्यापूर्वी डोक्यावरच्या स्लॅबकडे एकदा बघावं, आणि यातली खडी कुठल्या नदीची, हे आपण बिल्डरला विचारलं होतं का, ते आठवावं. (आपण विचारलं होतं ते पार्किंगचं.)