रखमाजी तांबट यांणी महाराजांचे गाणे डब केले त्याची हकीकत

श्री. नाद जेथून उपजतो आणि जेथे विरतो, त्या ठिकाणास नमस्कार करोन लिहिले ऐसे जे: शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी एक राज्य होते, त्याचे नाव ठाऊक नाही. तेथे रखमाजी तांबट म्हणोन गृहस्थ होते. हंडे ठोकता ठोकता त्यांचा कान घुमाऱ्यास तयार जाहला, मग हातोडी ठेविली, आणि टेप व मिक्सर घेऊन डबाचा कारखाना घातला. डब म्हणजे काय, तर दुसऱ्याचे गाणे घ्यावे, त्यातील गायन उपटावे, ढोल आणि खर्ज ठेवावा, आणि एखादा शब्द राहिला तर त्याचे शेपूट धरोन प्रतिध्वनी द्यावा, तो वेस ओलांडोन गेला म्हणजे काम चोख. ऐशा रीतीने रखमाजींनी भूपाळ्या डब केल्या, आणि लावण्या डब केल्या, आणि एका बोवांचे कीर्तन डब केले, त्यात बोवांचे केवळ खोकणे उरले, तेच लोकांनी पुन्हा पुन्हा मागितले. बोवा रुसले, परंतु कीर्ती जाहली.

ती कीर्ती महाराजांचे कानी गेली. महाराज स्वतः गात. कैसे गात, हे दरबारी कोणी बोलत नसे. त्यांणी रखमाजींस बोलावून आज्ञा केली, "दसऱ्यास आमचे गाणे डब करोन वाजवा. रयत डोलली पाहिजे. न डोलली तर तुमचे स्पीकर नदीत, आणि तुम्ही पुन्हा हंड्यांपाशी." मग कारभारी सदोबा चिटके यांणी रखमाजींस खांबाआड घेतले.

"डबात आवाज काढतात, हे सरकारांस ठाऊक आहे काय?"

"नसावे. शेल्यास जरीचा काठ लावतात, तैसे काही समजतात."

"मग सांगा त्यांस."

"आपण सांगा. आपण कारभारी."

"मला लेकरे आहेत," ऐसे बोलोन सदोबा निघोन गेले.

रखमाजींस अन्न गोड लागेना. आवाज ठेवावा तर डब नव्हे, काढावा तर राजद्रोह. शेवटी ठरविले की, यंदा विद्या बुडो, आवाज ठेवावा.

दसरा उजाडला. सीमोल्लंघनाचे माळावर स्पीकरांचा बुरूज रचिला, आणि गाणे सुरू जाहले. महाराजांचा आवाज माळभर पसरला, आणि हत्ती मागे सरला, मग घोडे मागे सरले, मग मानकरी अदबीने मागे सरले. रखमाजींस स्पीकर नदीत तरंगताना दिसो लागले, आणि हाताची सवय ती सवय, बोट आपोआप खटक्यावर गेले, आणि आवाज उतरला. मग खर्ज उठला, ढोल बोलो लागला, आणि महाराजांचे एक "गे" तेवढे माळावर घुमत राहिले. मग रयत नाचली, मानकऱ्यांची पागोटी सुटली, आणि हत्ती परत आला. महाराजांचाही पाय हालो लागला, तो त्यांणी हाताने दाबोन धरिला.

गाणे संपताच महाराजांनी पुसिले, "रखमाजी, आमचा आवाज कोठे?"

"काढिला, महाराज. डबाची रीतच तैशी आहे."

सदोबांनी डोळे मिटले. तो पडद्याआडून राणीसाहेब बोलिल्या, "लग्न जाहल्यापासून आपले गाणे आज प्रथमच गोड लागले."

महाराज रखमाजींपाशी वाकोन हळूच म्हणाले, "ठेविण्याजोगे काहीच नव्हते काय?"

रखमाजींस खोटे बोलता आले असते. परंतु त्यांणी टेप मागे फिरविली, आणि कान लावोन ऐकिली, आणि मग म्हणाले, "आहे, महाराज. गाण्याआधी आपण श्वास घेता, तो फार उत्तम आहे. तैसा श्वास या राज्यात कोणी घेत नाही."

"मग तोच लावा."

तो श्वास बुरुजातून निघाला, आणि अवघ्या माळास वाटले की आता काही थोर येणार, आणि अवघा माळ स्तब्ध जाहला, आणि मग खर्ज आला.

स्पीकर वाचले. रखमाजींस मानाची वस्त्रे जाहली. महाराजांनी गाणे सोडिले आणि श्वासाचा रियाज धरिला. एवंच, राजा मोठा जाहला, गवई गेला, रयतेस दोन्ही मानवले. ऐकिले तैसे लिहिले, अधिक उणे ते लिहिणाराचे.