तुळजाबाईची गोळी

एसटीत कंडक्टर असलेल्या बब्रुवानची वैद्यकीय तपासणी दीड महिन्यावर आली आणि त्याचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना. ढेरी बघून नापास करतील, गाडीवरून उतरवतील, या धास्तीनं त्याला अन्न गोड लागेना. तरी चार भाकरी खायचाच.

त्याची बायको तुळजाबाई दोन वर्षं सुजलेली, सुस्त. भर उन्हात तिला थंडी वाजायची. सगळं घर तिला आळशी म्हणायचं, बब्रुवान सगळ्यात मोठ्यानं. शेवटी डॉक्टरनं थायरॉईड शोधलं, सकाळी उपाशीपोटी एक गोळी लावली आणि चार महिन्यांत बाई हलकी झाली.

बब्रुवानच्या घराण्यात गोळीवर कुणाचं नाव नसतं; एकाला लागू पडली की सगळ्यांची. बाई दोन भाकरी खाती, तिला एक गोळी; आपण चार खातो, मग आपल्याला दोन. तो रोज तिच्या बाटलीतल्या दोन गोळ्या चोरून गिळू लागला, आणि बाटली रिकामी दिसू नये म्हणून त्यानं तीत शुगरवाल्यांच्या चहात टाकायच्या पांढऱ्या गोड गोळ्या भरल्या.

तिसऱ्या आठवड्यात काळीज पिठाच्या गिरणीसारखं धडधडू लागलं. घाम थांबेना. बोटं इतकी थरथरत की तिकिटाच्या मशीनवर कुर्डुवाडीऐवजी बार्शी दाबली जाई. त्यात पोट बिघडलं. ड्रायव्हर आयुब दर चार मैलांना गाडी थांबवून म्हणे, "मास्तर, प्याशिंजरपेक्षा तुमीच जास्त उतरायलाव."

घरी तुळजाबाई परत सुजली. "गोळ्या गोड लागायल्यात वो. गुण बी न्हाय."

"तू हायेसच आळशी," तो म्हणाला.

तपासणीला तीही सोबत आली. हा वाटेत पडंल अशी तिला भीती. त्याचं वजन सात किलो उतरलेलं. बब्रुवान हसला. एसटीच्या डॉक्टरनं नाडी धरली.

"एकशे तीस. घरात थायरॉईडच्या गोळ्या कोण घेतं?"

"कुणी न्हाय, सायेब."

"म्या घेते," दारातून तुळजाबाई म्हणाली, आणि गोड गोळ्या दाखवायला पिशवीत आणलेली बाटली तिनं टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं बाटली कागदावर पालथी केली. कागदावर दोन जातींच्या गोळ्या पडल्या.

"तुम्ही मरायला निघाला होता, आणि हिलाही मारत होता," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासू. औषध अंगातून उतरायला महिना-दीड महिना लागेल. तोवर ड्युटी बंद."

घरी आल्यावर भर दुपारी तुळजाबाई वाकळ ओढून पडली.

"अवो, माझी ताकद तुमच्या अंगात शिरलीया," ती वाकळेतून म्हणाली. "ती उतरस्तवर भाकऱ्या तुमी थापा."

बब्रुवाननं परात ओढली. हात असे थरथरत होते की भाकरी आपोआपच गोल फिरू लागली.