अण्णा विमान पसंत करतात

आमच्या शेजारच्या गुरुपादअण्णांनी एकदा चपलांचा जोड घ्यायला अख्खी दुपार घालवली. नवा जोड पायात घालून ते दुकानाबाहेर पडले, चप्पल लाईनीतल्या दुकानांसमोरून दोन चकरा मारल्या, चिखल दिसला तिथं मुद्दाम पाय दिला आणि परत येऊन दुकानदाराला म्हणाले, "उजवी डावीपेक्षा जास्त करकरतीया." दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अण्णा, चप्पल हाय. विमान न्हाय."

"विमानाला निदान रस्ता मोकळा असतोय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "ह्यास्नी राजारामपुरीच्या गर्दीत चालायचं हाय."

दुकानदार बिचारा सहज बोलून गेला. अण्णांची सगळी नोकरी खरोखरच मुंबईच्या एका विमान कंपनीत, परदेशातून विमानं विकत घेण्याचे करार तपासण्यात गेली होती, हे त्याला कुठून माहीत असणार? नव्वदच्या दशकात निवृत्त होऊन ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. मूळचे गडहिंग्लजचे. इतकी वर्षं मुंबईत काढूनही जिभेला मुंबईचा वाराही लागला नव्हता. मी शाळेत शिकवते म्हणून मला ते 'बाई' म्हणत. मूलबाळ नव्हतं. घरात ते, पार्वतीकाकू आणि जगातल्या यच्चयावत विक्रेत्यांविषयीचा संशय, एवढंच कुटुंब.

अण्णांचा सिद्धांत असा, की 'पसंत' हा शब्द घाईनं तोंडातून काढायचा नाही. "विमान ताब्यात घेताना एक कागद असतोय बाई. पसंत म्हणून सही केली की संपलं. मग पंख गळून पडला तरी तो तुमचाच." हा नियम ते आमटीलाही लावत. कशी झालीय म्हणून काकूंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तपासणी चालू हाय." ताट पुसून लख्ख झालं तरी तपासणी चालूच. काकू मला हसत सांगायच्या, "लग्नाला एवढी वरसं झाली, माझीबी अजून चाचणीच चाललीय बघा."

दुसरा सिद्धांत दाखल्यांचा. मिक्सर घेताना दुकानदारानं ऐटीत कारखान्याचं प्रमाणपत्र पुढं केलं, तर अण्णा म्हणाले, "हे त्यांच्या घरचं झालं. आपल्या घरचं कोण देतंय?" अखेर दुकानदार मिक्सर काखेत मारून घरी आला आणि काकूंच्या कांदा-लसूण चटणीवर त्याची परीक्षा झाली. शिंका देत देत गेला बिचारा. अण्णांचा आक्षेप नसलेला व्यवहार मी गावात एकच पाहिला, दूधकट्ट्यावरचा. म्हैस समोर पिळायची, फेसाळता पेला तिथल्या तिथं हातात. "डिलिव्हरी म्हणत्यात ती ही," ते ओठ पुसत म्हणायचे.

या सगळ्या गमती मी लोकांना रंगवून सांगत असे. पण हा विक्षिप्तपणा आमच्याच मुळावर आला, तेव्हा मला काही हसू आलं नाही.

माझी अश्विनी वैमानिक. लहानपणी मी शाळेतून येईपर्यंत ती काकूंच्याच स्वयंपाकघरात जेवायची, त्यामुळं हे खूळ तिच्या डोक्यात अण्णांनीच भरलं असा माझा ठाम आरोप होता. परवाना मिळाला आणि पोर घरी बसली. नोकरीला अनुभव पाहिजे, आणि अनुभव घ्यायला विमान कुणी देईना. नातेवाईक स्थळं आणायला लागले. ती वरच्या खोलीत दहावीच्या मुलांची गणितं घेऊ लागली, आणि विमानाचं नावही काढीनाशी झाली. मला त्या न बोलण्याचीच भीती वाटायची.

अशात शिरोलीच्या एका कारखानदारांनी, दादासाहेबांनी, परदेशातून एक जुनं सहा आसनी विमान घ्यायचं काढलं. जुना जाणता कॅप्टन ठरला आणि त्याच्या शेजारी आमची अश्विनी. घरात पेढे आले. आता फक्त करारावर नजर टाकायची होती. दादासाहेब स्वतः अण्णांकडे आले. "एकदा वाचा आन् बरं हाय म्हणा, झालं."

गणपती आले, गेले. दसरा जवळ आला. अण्णा काही बरं हाय म्हणेनात.

गाडी एका कलमावर अडली होती. विकणारा म्हणत होता, आमच्या देशाचं उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आहे, ते घ्या आणि विमान न्या. अण्णा मान हलवत होते. "तिथल्या नोंदणीतनं नाव कमी झालं की तो दाखला मेला. आमच्या गडहिंग्लजचा दाखला राज्याच्या हद्दीपलीकडं संकेश्वरात चालत न्हाय, आन् हे सात समुद्र वलांडून चालणार व्हय? निर्यातीचं प्रमाणपत्र पाहिजे. आपल्या देशाच्या नियमात बसतंय असं त्यात लिवलेलं पाहिजे. आन् हितं तपासणीत काय निघालं तर दुरुस्ती त्यानं करायची."

दादासाहेबांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. "अण्णा, मी विमान घेतोय का सोयरीक जुळवतोय?"

"सोयरिकीत फसला तर रडता तरी येतंय," अण्णा म्हणाले. "ह्यात रडायला मागं उरत न्हाई माणूस."

मग कळलं, विकणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक आलंय आणि दादासाहेब सगळा विचारच सोडून द्यायच्या बेतात आहेत. मी तडक अण्णांच्या दारात. "अण्णा, पोरीच्या तोंडचा घास काढताय तुम्ही! जगातली इतकी विमानं उडतात, ती काय तुम्हाला विचारून?" आणखीही बरंच बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं. काकूंना म्हणाले, "बाईस्नी पाणी दे." पाणी न पिता मी परत आले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. भिंतीवरून काकूंकडून भाजी येत राहिली, मी रिकामं भांडं मुकाट्यानं परत ठेवत राहिले.

शेवटी दुसरं गिऱ्हाईक फिरलं आणि विकणारा नरमला. अण्णांचं कलम जसंच्या तसं करारात बसलं. विमान आलं, आपल्याकडची तपासणी झाली. निघालं काय? एक चिरलेली इंधनाची नळी आणि दोन विरलेले सीटबेल्ट.

"एवढ्यासाठी?" दादासाहेब म्हणाले.

"एवढ्यासाठीच," अण्णा म्हणाले.

नळी बदलली, पट्टे बदलले, आपल्या सरकारचा दाखला हातात आला. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर निम्मं शिरोली लोटलं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि अण्णा विमानाभोवती फिरत ओरडत होते, "पंखाखालच्या नळीला हार अडकवू नगासा! ती वेग मोजती!" अखेर नारळ फुटला. दादासाहेबांनी आपल्या वतीनं सही करायला पेन आणि ताब्याचा कागद अण्णांपुढं केला. अण्णांनी पुन्हा एकदा चाकांकडं पाहिलं आणि 'पसंत' म्हणून सही केली. टाळ्या झाल्या.

राधानगरीच्या धरणावरून एक फेरी मारून परत यायचं होतं. अश्विनी हात हलवून आत बसली. विमान वर गेलं, गर्दी माना उंचावून बघत राहिली. मी सहज वळून पाहिलं, तर अण्णा कुंपणाजवळ धावपट्टीकडं पाठ करून उभे. समोर काय, तर गाड्यांची रांग. मला बोलणं बंद असल्याचं भानच राहिलं नाही.

"अण्णा, इकडं बघा की!"

"उतरलं की सांगा."

"अहो, तुम्हीच पसंत केलंय ना? आता तर सगळे दाखले झाले."

"दाखला विमानाचा असतोय बाई," ते म्हणाले. "पोरीचा कोण देतंय?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळानं घरघर ऐकू आली. ती मोठी होत गेली तशी अण्णांनी कुंपणाची तार घट्ट धरली. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली आणि विमान सुरळीत धावू लागलं.

"उतरली अण्णा."

त्यांनी तार सोडली. मी त्यांचा हात हातात घेतला. इतके दिवस ह्या माणसावर धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

"एवढी विमानं घेतली बाई जल्मात," अण्णा अजून गाड्यांकडंच बघत म्हणाले, "पर आत बसणारं माणूस वळखीचं न्हवतं कधी."