परीक्षेपुरतं प्रेशर

उच्च रक्तदाबासारखा मनमिळाऊ आजार दुसरा नाही. तो दुखत नाही, खोकत नाही, पाहुण्यांसमोर लाज आणत नाही. वर्षानुवर्षं घरात राहतो आणि कुणाची झोप मोडत नाही. म्हणूनच इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या आपल्या मंडळींनी त्याला घरच्यासारखं वागवलं, म्हणजे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

लक्ष द्यायचं ते आकड्याकडे. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडून आपले डॉक्टर लोक सगळ्यांचं प्रेशर फुकट बघत (शेजारच्या टेबलावर बटाटेवडे असत, ही सोय दोन्ही टेबलांना मान्य होती). आकडा कळला की तो मुलांच्या ओ-लेव्हलच्या, म्हणजे इकडच्या दहावीच्या, ग्रेडसारखा हॉलभर फिरे. "आमच्या ह्यांचं एकशे अठ्ठावीस बाय ऐंशी, तेही वडे खाऊन!" शहाऐंशी सालच्या पाहणीत असं आढळलं, की ऐंशी टक्के सभासदांना प्रेशर नव्हतं, पंधरा टक्क्यांच्या वेळी मशीन बिघडलं होतं आणि उरलेले नुकतेच जिना चढून आले होते.

या क्षेत्रात शशिधर पेठे यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कौन्सिलमधून, म्हणजे इकडच्या नगरपालिकेतून, इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, पद्धतशीर माणूस. सर्जरीत (इकडे दवाखान्याला सर्जरी म्हणतात, कापाकापी होत नाही) तपासणीची तारीख ठरली, की आधीचा आठवडा अभ्यासाचा. लोणचं बंद, पापड बंद, चिप्सवरचं मीठ बंद, गोळ्या रोज सकाळी. पेपर उत्तम जाई. मग सुट्टी लागे. गोळ्या कपाटात आणि लोणचं ताटात. (त्यातली एक गोळी लघवी वाढवणारी होती. मोटरवेवर निघताना ती घेणाऱ्याला कुणी दूरदृष्टीचा म्हणणार नाही.)

हे सगळं बघायची ती त्यांची सून, सुमेधा. तिचा नवरा रवी हॉस्पिटलात डॉक्टर होता, पण हाडांचा. बापाला 'गोळी घ्या' म्हणणं त्याच्या विभागात येत नव्हतं. शेवटी पोळ्या लाटता लाटता तीच म्हणाली,

"अप्पा, ती गोळी रोजची आहे हो."

"अगं, पण मला होतंय काय? डोकं दुखलं तर घेईन की."

"दुखत नाही, तेच तर वाईट. प्रेशर आतल्या आत शिरा खराब करतं. एक दिवस मेंदूतली एखादी तुंबते नाहीतर फुटते, की आला स्ट्रोक."

"इंजिनियरला पाइप शिकवतेस?" अप्पा हसले, आणि अडीच वर्षांच्या मीनलला मांडीवर घेऊन तोंडं वेडीवाकडी करू लागले. आजोबा-नातीचा हा रोजचा खेळ. मीनलचं सगळं मराठी याच मांडीवर जमा झालेलं. सुमेधाला जगाकडून फार काही नको होतं. हा आजोबा पोरीला पुरला पाहिजे, एवढंच.

पुढच्या तपासणीला तिनेच त्यांना गाडीतून नेलं. आज डॉक्टरांना सांगायचंच, असं ठरवून गेली होती. डॉक्टरांनी पट्टा सोडला, आकडा बघितला आणि प्रसन्न झाले.

"एक्सलंट, मिस्टर पेठे! व्हॉटेव्हर यू आर डूइंग, कीप डूइंग इट."

अप्पांनी सुनेकडे बघितलं. आता बोलायचं? सासऱ्याला गोऱ्या डॉक्टरसमोर उघडं पाडायचं? सुमेधाने खाली वाकून मीनलच्या कोटाचं बटण लावलं. (या गुणाला वळण म्हणतात. लग्न जमवताना तो आधी बघतात.)

मार्चमधल्या एका सकाळी, नात मांडीवर असतानाच, अप्पांचं तोंड एका बाजूला ओघळलं. मीनल खिदळली. "आजोबा, परत! अगेन!"

अप्पांनी परत केलं नाही. तोंड तसंच राहिलं आणि उजव्या हातातला कप सुटून गालिच्यावर पडला.

"जरा आडवे व्हा," सासूबाई म्हणाल्या. "आल्याचा चहा करते, बरं वाटेल."

सुमेधाने कुणालाही न विचारता ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ फिरवला.

वॉर्डात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या नियमित घेतात का?

"येस, येस. व्हेरी रेग्युलर," सासूबाई म्हणाल्या. रवीने बुटांच्या नाड्या निरखल्या.

"नो," सुमेधा म्हणाली. "ओन्ली बिफोर द चेक-अप."

अप्पा वाचले. उजवा हात आणि निम्मे शब्द गेले. व्हिजिटिंग अवर्समध्ये मंडळी द्राक्षं घेऊन आली, पलंगाभोवती बसून आणलेली द्राक्षं त्यांनीच संपवली आणि एकमताने निदान केलं : सून फटकळ निघाली. परक्या बाईसमोर घरातलं असं बोलतात का? थोडं सांभाळून घेता आलं असतं.

अप्पा ऐकत होते. डाव्या हाताने त्यांनी सुमेधाला जवळ बोलावलं. ओठांची बराच वेळ जुळवाजुळव चालली.

"उशीर," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "केलास."

"काय बिचारे, काहीही बोलतात आता," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पार्किंगची वेळ संपेल म्हणून उठले.

तुम्हालाही सुमेधा जरा आगाऊच वाटली असणार. साहजिक आहे. हे वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर घरातलं एक माणूस आलं असेल, आणि त्यांच्या गोळ्या संपायच्या वेळी संपत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना मात्र काही म्हणू नका. वाईट वाटेल.