काचेच्या धाग्याला विणकराची गाठ

मोनिकाची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत सकाळी अकराला होती, आणि ती कोणाच्या नेटवर द्यायची यावरून आंधळगावच्या लक्ष्मणरावांच्या घरात तीन दिवस धुसफूस चालली होती.

कारण घरात नेटचे धंदे दोन. लक्ष्मणरावांनी हातमाग विकून गावात फायबरची वायर ओढली. "काचेचा असन, पण धागाच हाये ना! धागा आपल्या रक्तात हाये," म्हणाले. कुसुमताईंनी माहेरचा हिस्सा बिनवायरच्या नेटच्या एजन्सीत घातला. छतावर टॉवरकडे तोंड करून डब्बा लावला की झालं. नवरा-बायकोनं धंदा करावा, जरूर करावा. पण एकमेकांविरुद्ध करू नये, एवढी साधी गोष्ट ह्यांना कोणी सांगायची?

शेवटी मोनिकानं बाबांचं फायबर निवडलं. साडेनऊला धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर गल्लीत शिरला आणि वायर तोडून पुढं गेला.

"घाबरू नको बेटा," लक्ष्मणराव म्हणाले. "चाळीस वर्सं तुटले धागेच जोडले म्या."

त्यांनी वायर सोलली, आतला केसाएवढा धागा काढला आणि गाठ मारायला बसले. तीनदा धागा मोडला, चौथ्यांदा गाठ कशीबशी बसली. नेट काही आलं नाही. त्यांनी भंडाऱ्याच्या मेकॅनिकला फोन लावला.

"गाठ मारली?" मेकॅनिकला हसू आवरेना. "काका, त्याच्यातून उजेड जाते! उजेडाले गाठ मारता येते काय? मशीन घेऊन येतो, पण चार वाजतीन."

कुसुमताईंचा चेहरा खुलला. "मी काय सांगून राहिली होती? चाल मोनिका, माह्या नेटवर बस."

पण तिथंही लाल दिवा! शेजारच्या गोमाजींनी कालच मळणी उरकून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग रचला होता. तो ह्यांच्या छताच्याही वर गेलेला, आणि टॉवर नेमका त्याच्या मागं.

"गोमाजी, ढीग हालवा ना जी!"

"हालवतो ना वहिनी. दोन दिवस लागतीन."

अकराला दहा मिनिटं उरली. "घरात दोन-दोन नेट, अन् मीच बिननेटची!" म्हणत मोनिका रडायला लागली. पोरीचे डोळे पाहून लक्ष्मणरावांना राहवेना. त्यांनी बायकोचा डब्बा काढला, लांब वायरीसकट ढिगावर चढले आणि तो डोक्यावर धरून उभे राहिले.

"थोडं उजवीकडं वो!" कुसुमताई खालून ओरडल्या. "बस! आता हालू नका!"

"तणस खाजवते ना!"

"खाजवू द्या! पोरगी बोलून राहिली!"

चाळीस मिनिटं लक्ष्मणराव तसेच उभे. बाजाराला निघालेलं गाव गल्लीत थांबून बघत होतं. मोनिका बाहेर धावत आली. "बाबा, लागली नोकरी!"

लक्ष्मणराव उतरले. कुसुमताईंनी पदरानं त्यांच्या मानेवरचं तणस झटकलं. "दुखते काय वो लय?" विचारताना त्यांचेच डोळे भरले. पण समोर एवढी गर्दी पाहून त्यांच्यातली एजंट जागी झालीच.

"पाहलं ना सगळ्यायनं? एकडावबी अटकलं नाही! बोला, कोणाले पायजे कनेक्शन?"

गर्दीतून मालनबाई पुढं झाल्या.

"नेट तं झकास हाये वो कुसुमताई. पण आमच्या ह्यायचे गुडघे गेले. डब्ब्यासंगं उभा राहाले माणूस कंपनीच देते काय?"