मोरीवरचा पत्रा आणि माझा पराक्रम

मोरीत जरा उजेड यावा, एवढीच आमच्या हिची मागणी होती. वरच्या जुनाट सिमेंटच्या पत्र्यात चौकोनी भोक पाडून काच बसवायची, बस्स. मी "बघू" म्हणालो. (संसारात "बघू"चा अर्थ काय होतो, हे सुज्ञांना सांगायला नको.) हिनं माझ्या बघण्याची वाट न बघता भावाला बोलावलं.

मेहुणा गॅरेजवाला. चिलट मारायलाही मशीन चालवेल. ग्राइंडर घेऊन तो शिडीवर चढला. शिडी धरायला खाली ही. आणि हिला दमा! नुसती चादर झटकली तरी हिची छाती शिट्टी वाजवते.

मी दारात चहा पीत देखरेख करत होतो. पत्र्याच्या तुटक्या कडेला बारीक तंतू लोंबताना दिसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (तिथं सहसा लोडशेडिंग असतं.) आमच्या ऑफिसचे असेच पत्रे उतरवले, तेव्हा सगळ्यांना सुट्टी दिली होती. सुट्टीचं कारण कारकून जन्मात विसरत नाही.

"थांब! त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल! ती धूळ छातीत जाऊन बसते, कायमची!"

"भावोजी, काम टाळायला दर वेळी नवीन रोग कुठून आणता हो?"

"अहो, तुम्हाला कोण काय करायला सांगतंय? चहा प्या," ही म्हणाली.

ग्राइंडर गुरगुरला. पांढरा धुरळा उडाला आणि ही खोकायला लागली.

मग मात्र मी कप टाकला, प्लग उपटला, हिला ओढून बाहेर काढलं आणि कपडे भिजवलेली बादली पत्र्याच्या दिशेनं भिरकावली. निम्मं पाणी पत्र्यावर, निम्मं मेहुण्यावर. दोघांचीही धूळ खाली बसली. त्याच्या कानावर माझा एक पायमोजा लोंबत होता.

असले पत्रे काढणाऱ्या लोकांना फोटो पाठवून फोन लावला.

"अ‍ॅस्बेस्टॉसच दिसतोय. भिजवलात ते फार बरं केलंत साहेब! आता कापू नका, झाडू नका. मोरीतले आणि अंगावरचे कपडे ओले करून दाराबाहेरच पिशवीत बांधा."

"आवाज नीट येत नाही," मी फोन स्पीकरवर टाकत म्हणालो. "ते 'बरं केलंत' पुन्हा एकदा सांगता?"

दुपारी नखशिखांत झाकलेली माणसं आली. पत्रा भिजवून त्यांनी अख्खाच्या अख्खा उतरवला आणि गुंडाळून नेला. मोरीत आभाळभर उजेड! मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "भावोजी, मानलं!" आणि ही चक्क चार बायकांत बोलली, "ह्यांनी ओढलं म्हणून बचावले हो मी!"

शेजारपाजार लोटला होता. मी सत्कारमूर्तीच्या ऐटीत मधोमध उभा. अंगात हिचा फुलाफुलांचा गाऊन (माझे झाडून सगळे कपडे पत्र्याखाली वाळत होते, तेही पिशवीत गेले), तोंडाला मास्क, ओल्या डोक्याला टॉवेल.

समोरच्या आजींनी मला निरखून हिला विचारलं, "तुझ्या वन्सं का गं ह्या?"

"हो आजी," ही म्हणाली. चेहरा अगदी गंभीर.

"थेट भावावर गेल्यात. पण डोळ्यांत हुशारी दिसते हो, त्याच्यासारखं नाही!"