मानाचा बार आणि बंदुकीची लाथ

"घाल आनी एक," गुरुदास डोळे मिटून म्हणाला. विमलने दोन्ही हातांनी मुसळ उचललं आणि त्याचं टोक नवऱ्याच्या उजव्या खांद्यात ढोसलं.

"लागला?"

"नाय. आनी एक."

तिसऱ्या दणक्याला गुरुदास भिंतीवर आदळला. हा दणका बंदुकीच्या नावाने नसून, मागच्या महिन्यात तिच्या भावाच्या लग्नाला तो गेला नव्हता त्याबद्दलचा असावा, अशी त्याला शंका आली. शंका अगदी बरोबर होती.

पण खांदा शाबूत होता. कारण शर्टाच्या आत, बंदुकीचा दस्ता टेकतो नेमक्या त्या जागी, विमलने स्लिपरची टाच कापून शिवली होती. आधी कापूस भरून पाहिला, तो घसरून पोटावर आला. मग काथ्या भरला, तर गुरुदास दिवसभर खाजवत बसला. शेवटी त्याने गोठ्यात जाताना घालायची आपली जुनी निळी स्लिपर काढली आणि विळीवर धरली. रबरासारखा धक्का खाणारी वस्तू घरात दुसरी नव्हती.

एवढा आटापिटा कशासाठी, तर देवीच्या जत्रेसाठी. आरोंद्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावरच्या या गावात देवीची पालखी देवळातून निघताना बंदुकीचा एक बार काढतात. तो काढायचा मान गुरुदासच्या घराचा. बार काढणारा पालखीच्या पुढे दोन हातांवर, खाडीकडे तोंड करून उभा राहतो. मागे देवी असते, म्हणून त्याचा पाय मागे जाता कामा नये. मागे पाय गेला म्हणजे देवीला ढकललं, आणि देवीला ढकलणाऱ्या घराचा मान भावकीतल्या दुसऱ्या घराला जातो. गुरुदासच्या वडिलांनी, बाबलींनी, चाळीस वर्षं हा बार काढला आणि चाळीस वर्षांत त्यांची टाच तसूभर हलली नाही. आता त्यांचे हात थरथरायला लागले म्हणून बंदूक, तिचा शेती संरक्षणाचा परवाना आणि मान, तिन्ही गोष्टी एकुलत्या एक मुलाकडे आल्या होत्या.

मुलगा कुडाळला कचेरीत टेबलाशी बसायचा. गेल्या वर्षी त्याने पहिला बार काढला आणि दीड पाऊल मागे येऊन पालखीच्या भोयाच्या अंगठ्यावर उभा राहिला. धोंडू गुरवाने तेवढ्यापुरतं सांभाळून घेतलं. "पयला वर्स आसा, देवी माफ करता," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं म्हणाला, "फुडल्या वर्सा मात्र करूची नाय."

ते ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो भाईला. भाई म्हणजे गुरुदासचा सख्खा चुलतभाऊ. त्याचं घर समोरच होतं आणि त्याची मिशी त्या घरापेक्षा चांगल्या स्थितीत होती. त्याने वर्षभर रोज सकाळी अंगणात जोर काढले, तेही गुरुदासच्या खिडकीकडे तोंड करून. "यंदा बार आमच्या खांद्यार," असं तो चहाच्या टपरीवर उघड सांगत होता. बाबलींच्या कानावर ते गेलं त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. गुरुदासला ते फार लागलं होतं.

"बाबा, बंदूक इतकी लाथ कित्याक मारता?" त्याने एकदा विचारलंच.

"तू तिका लांब धरतंस म्हणान," बाबली म्हणाले. "म्हशीच्या मागे हातभर लांब उबो रवलंस तर लाथ मारून आडवो करतली. तिच्या अंगाक चिकटान रव, मगे ती नुसती ढकलता. बंदुकीचा तसाच. खांद्याक घट धर, वायच फुडे झुक, सपला."

चाळीस वर्षांचं शहाणपण एवढं सोपं असेल यावर गुरुदासचा विश्वास बसला नाही. त्याने मोबाइल काढला. त्यात एक टोपीवाला गोरा गृहस्थ बंदुकीचा धक्का कमी कसा करावा यावर चाळीस मिनिटं बोलत होता. गुरुदासने कचेरीच्या सवयीने मुद्दे वहीत उतरवून घेतले. काडतूस हलकं घ्यावं, हा पहिला मुद्दा त्याने खोडला, कारण बार खाडीपलीकडे ऐकू गेला नाही तर गाव हसलं असतं. खांद्याला गादी लावावी, हा दुसरा मुद्दा स्लिपरने सुटला. राहिला तिसरा. बंदूक जितकी जड तितका धक्का कमी.

हे वाचून गुरुदास शेजारच्या रापणकाराकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेऊन आला आणि दीड किलो शिसं फडक्यात गुंडाळून नळीखाली बांधलं. मग काजूच्या बागेत जाऊन, वांदर हाकलायच्या निमित्ताने, त्याने एक बार काढून पाहिला. पाय हलला नाही. वांदरही हलले नाहीत, पण तो मुद्दा वेगळा.

"विमल, जमला गो!" तो धावत घरी आला. "आता भाई मारांदे जोर!"

जत्रेच्या दिवशी दुपारी चार वाजता सगळा गाव देवळापुढे जमला. बाबलींना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पुढे बसवलं होतं. भाई नवा कुडता घालून, हात मोकळे सोडून, बंदूक आत्ताच हातात येणार आहे अशा बेताने उभा होता. आणि देवळाच्या हद्दीच्या दगडापाशी धोंडू गुरव ओरडत होता, "पायतना भायर काढा रे! चामड्याची, रबराची, खंयचाच पायतान दगडाच्या आत नको! हातात धरलेलीय नको!"

गुरुदासने वहाणा काढल्या, एक पाय दगडाच्या आत टाकला आणि तिथेच गोठला.

"विमल," तो तोंड न हलवता म्हणाला, "माज्या खांद्यार पायतान आसा."

विमलचा हात तोंडावर गेला. "अगो बाय माझे! आनी ता पण गोठ्यातला!"

"हळू बोल!"

"मगे काढा ना ता!"

"शिवल्यान कोणी? धा टाके घातलंस."

"मगे शर्टच काढा. देवीसमोर पायतान घेवन जातास काय? तुमचो मान काय जाळूचो आसा?"

गुरुदासला घाम फुटला. स्लिपर ठेवावी तर देवीचा कोप. स्लिपर काढावी तर बंदूक लाथ मारणार, पाय मागे जाणार, आणि समोर खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत चाळीस वर्षं भाईच्या अंगणात जाणार. त्याने देवळाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. शर्टाची घडी विमलच्या हातात कोंबून तो नुसत्या गंजीवर आत शिरला. गंजीला बगलेत भोक होतं.

गावाला वाटलं, गडी ईर्ष्येला पेटलाय. कोणीतरी शिट्टी मारली. "शाबास रे गुरुदास! उघड्या खांद्यार!" बाबलींनी डोळे पुसले. गुरुदास मात्र कोपराने बगलेतलं भोक झाकत होता.

तेवढ्यात धोंडूची नजर बंदुकीवर गेली. "ह्या काय बांधलंस? बार काढूक इलंस की जाळ्यान मासे पागूक?"

"ता... शिसा आसा."

"सोड ता! मानाच्या बंदुकीक गाठोडी कसली?"

शिसं गेलं. स्लिपर आधीच गेली होती. वहीतल्या तीन मुद्द्यांपैकी एकही शिल्लक राहिला नाही. मागे पालखी येऊन उभी राहिली आणि धोंडूने गाऱ्हाणं घालायला घेतलं.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"ह्या तुज्या लेकरान आज अंगार कापड न घालता बार काढूचा धरल्यान हा, तेका सांभाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदासला काही ऐकू येत नव्हतं. भीतीने त्याने बंदूक अशी कवटाळली की दस्ता आणि खांदा यांत कागद सरकला नसता. पुढे समुद्रात उडी घ्यावी तसा तो झुकला, देवीचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

बार खाडीपलीकडे गेला. माडांवरचे कावळे उडाले. धूर विरला तेव्हा गुरुदास जिथे होता तिथेच उभा होता. लाथ बसलीच नव्हती, बंदुकीने नुसतं ढकललं होतं. धोंडूने वाकून त्याच्या टाचा पाहिल्या आणि हात वर केला. बाबली खुर्चीतून उठले, मुलाचा खांदा दाबला आणि म्हणाले, "बरो धरलंस." गुरुदासला रडू आवरेना.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मान राखला की मानकऱ्याच्या अंगावरचं वस्त्र पालखीत देवीच्या पायाशी ठेवायची रीत आहे. बाबली आपलं उपरणं द्यायचे. आणि भावकीतल्या माणसांनी त्या वस्त्रावर कपाळ टेकायचं, म्हणजे मान मान्य झाला.

"मानकऱ्याचो शर्ट खंय?" धोंडूने विचारलं.

विमलने घडी पदराआड ओढली. "नको, तो घामान भरलेलो आसा."

"मानकऱ्याचो घाम देवीक चलता," असं म्हणत धोंडूने तो शर्ट हिसकावला, दोन फुलं वाहिली आणि पालखीत ठेवला. मग हाक मारली, "भाई! फुडे ये. पयलो मान तुजो."

भाई दात खात पुढे आला आणि रागारागाने कपाळ आपटलं. धप्प, असा आवाज आला. भाई दचकला. त्याने हळूच बोटांनी घडी चाचपली. एक कोपरा वर केला. निळं रबर, त्यावर आठ नंबर, आणि कडेला वाळलेलं शेण.

त्याने मान वर करून गुरुदासकडे पाहिलं. गुरुदास खाडीकडे पाहत होता. भाईचं तोंड उघडलं. सगळा गाव त्याच्याकडे टक लावून होता, आणि नुकतंच सगळ्या गावाने त्याला तिथे कपाळ घासताना पाहिलं होतं. भाईने तोंड मिटलं.

"काय रे भाई? मान्य मा?" धोंडूने विचारलं.

"मान्य," भाई कपाळ चोळत म्हणाला. "मान तेंचोच."

"मगे बायल-पोरांक बोलाव. तेंकाय टेकूक होया."

"नको!" भाई एवढ्या जोरात ओरडला की ढोल थांबला. "म्हंजे... तेंच्या वतीन मीच टेकतंय."

धोंडू गुरव रीतीच्या बाबतीत पक्का होता. त्याने भाईच्या बायको-मुलांपासून आईपर्यंत सगळ्यांना बोटांवर मोजलं, "बायल, दोन झील, सून आनी आवस. पाच."

आणि भाईने पाच वेळा कपाळ टेकलं, दर वेळी अगदी हळू.